वरचा जबडा

माझ्या सासरी जनावराचं तोंड पाहण्याची विद्या पिढीजात होती. अमडापुरात कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी माझ्या सासऱ्यांना बाजारात घेऊन जायचा. ते डाव्या हाताने वेसण धरत, उजव्या हाताचा अंगठा बैलाच्या खालच्या ओठात सारत, क्षणभर पाहत आणि सांगत, "चार दाती हाय." किंवा, "जुळला हाय. मालक खोटं बोलून राह्यला." बैलाचे दुधाचे दात पडून मोठे किती आले, यावर त्याचं वय ठरतं; आठही आले की बैल जुळला. आणि हे दात सगळे खाली. वरच्या जबड्यात पुढच्या बाजूला बैलाला दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते. त्यामुळे बैल पाहणारा माणूस कधी वर पाहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या एका सवयीतून झाला.

मी देऊळगाव राजाची. वडिलांचं धान्याचं दुकान, त्यामुळे उंदरांसाठी घरात मांजर असायचीच. त्यातली एक मांजर एकदा उंदीर धरीनाशी झाली. माझे काका म्हणाले, हिला आयतं खायची सवय लागली, सोडून द्या लांब. आईने तिला दोन गुडघ्यांत धरलं आणि वरचा ओठ नुसता बोटाने उचलला. आत हिरडी लालभडक आणि दाढांवर पिवळी खरपुडी. मग आई आठवड्यातून एकदोनदा जुन्या धोतराचं मऊ फडकं ओलं करून बोटाला गुंडाळायची आणि तिचे दात बाहेरच्या बाजूने पुसायची. राखुंडी नाही, मीठ नाही. जनावराला थुंकता येत नाही, लावाल ते पोटात जातं, असं ती म्हणायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं करतात. लग्न झाल्यावर हे सहज सांगितलं, तर आमचे हे पोट धरून हसले. "तुमच्याकडं मांजरीले दातवण देतेत काय?" पुढचे कित्येक महिने घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ही गोष्ट मिळायची. मी "मले" न म्हणता "मला" म्हणते यावरून हसणं चालूच होतं, त्यात ही भर.

तेव्हा महाराष्ट्र नवा होता आणि मीही त्या घरात नवीच होते. म्हणजे पोरगी झालेली, ती नुकती धरून धरून चालायला लागलेली, तरी माहेरी काय चालतं हे सासरी फार बोलू नये एवढी नवी.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. त्यांचा एक कुत्रा होता. तांबूस, उंच, एक कान फाटलेला. घरात यायची त्याला परवानगी नव्हती, पण मामाजी शेतात निघाले की तो त्यांच्या मागे आणि परतले की त्यांच्या पुढे. जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा मामाजी कधी खात नसत. तो तुकडा घेऊन ते ओट्यावर यायचे, कुत्रा हातातून तो अलगद घ्यायचा, आणि मग मामाजी हात धुवायचे. आपल्या मुलांच्या डोक्यावरून कधी हात न फिरवलेला हा माणूस कुत्र्याशी मात्र हळू आवाजात बोलायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "मले चाळीस वर्षांत एवढं बोलले नाहीत."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. पुरणपोळी झाली, आता घरोघरी मटण. त्या दिवशी गावातल्या कुत्र्यांची चंगळ असते, हाडं पुरून ठेवण्याइतकी. आमच्या कुत्र्यानेही दिवसभर गोठ्याच्या मागे एक नळीचं हाड कडकड फोडलं. सगळे कौतुकाने पाहत होते.

त्यानंतर तो हळूहळू बिघडत गेला. आधी भाकरीचा तुकडा तोंडात धरून तो खाली टाकायला लागला. मग तोंडातून लाळ गळायला लागली, दोरीसारखी. उजव्या डोळ्याखाली सूज आली आणि तो डोळा बारीक झाला. जवळ गेलं की गुरगुरायचा, अगदी मामाजींवरसुद्धा. आणि एका सकाळी मी स्वतः पाहिलं, तो पाण्याच्या कुंडीपाशी गेला, जीभ लावली आणि चटका बसल्यासारखा ओरडून मागे सरला.

शेजारचे काका तेव्हा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी हातातली विडी विझवली. "भाऊ," ते मामाजींना म्हणाले, "हे पाण्याले भेऊन राह्यलं."

पाण्याला भिणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. पाच-सहा कोसांवरच्या एका गावात आदल्याच वर्षी एक माणूस कुत्रं चावून गेला होता. शेवटी त्याला खाटेला बांधावं लागलं आणि पाण्याचा पेला दाखवला तरी तो किंचाळायचा, असं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने सांगितलेलं. मी पोरीला उचललं आणि आत नेऊन दाराला कडी लावली.

मामाजी मात्र उठले. गुरांची साखळी घेतली, कुत्र्याला बोराच्या झाडाला आखूड बांधलं आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी डाव्या हाताने त्याचं मानगूट धरलं, उजवा अंगठा खालच्या ओठात घातला आणि जबडा खाली ओढला. बाजारात शेकडो वेळा केलं तसंच, तेवढ्याच सफाईने. कुत्र्याने हिसका दिला. मामाजींनी हात मागे घेतला तेव्हा तळव्यावर रक्ताची बारीक रेघ होती.

"तोंड साफ हाय," ते म्हणाले. "दात मोत्यावाणी हायेत. दुखणं तोंडात नाही. डोक्यात गेलं."

त्यांनी तो हात आत्याबाईंपासून लपवला. पण लपून किती लपणार? आत्याबाईंनी साबण आणि पाण्याची घागर आणली, स्वतः त्यांचा हात धरून कितीतरी वेळ धूत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हे चिखलीला गेले. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, खेड्यांवर गुरांना लस टोचायला गेलेले. कधी येतील ते तिथल्या माणसालाही माहीत नव्हतं. दुपारच्या गाडीने हे रिकाम्या हाताने परत आले, तोवर गावाने ठरवूनही टाकलं होतं. गल्लीत लहान पोरं आहेत, साखळीचा काय भरवसा, गुरं घरी यायच्या आत काम उरकून टाका. चौघं जण काठ्या घेऊन आले होते. मामाजींनी त्यांना परत पाठवलं.

"माहं कुत्रं हाय," ते म्हणाले. "मीच करतो. गुरं यायच्या आत करतो."

मग ते गोठ्यात जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. आत्याबाईंनी ताट नेलं तर म्हणाले, माझा लोटा, माझी ताटली आता वेगळी ठेवा. पोरगी आजोबांना पाहून भिंत धरत धरत गोठ्याकडे निघाली, तर ते तिच्यावर असे ओरडले की ती जागच्या जागी बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. मला राग आला. एवढ्याशा लेकरावर कुणी असं ओरडतं का? तिला उचलायला मी तणतणत गेले आणि त्यांचं तोंड पाहिलं. तो हात त्यांनी धोतरात गुंडाळून मांडीखाली दाबून धरला होता. माणूस रागावला नव्हता. माणूस भ्याला होता, आणि आपल्या हातून नातीला काही होईल म्हणून भ्याला होता. माझा राग तिथेच गळाला.

मी घरात आले आणि ह्यांना म्हणाले, "मामाजींनी वरचे दात पाहिले का?"

"बाबांनी पाह्यलं हाय," हे म्हणाले.

"खालचे पाहिले. मी खिडकीत होते."

"आता तू बाबाले तोंड पाहाले शिकवते काय?" प्रवासाने आणि काळजीने त्यांचं डोकं आधीच तापलं होतं. "चूप बस जरा. हे काही मांजरीचे दात नाहीत."

चूप बसणं मला कधी जमलं नाही, आईने यावरून मला पुष्कळ ऐकवलेलं. पण त्या दुपारी मी खरंच थोडा वेळ गप्प बसले, कारण मलाही खात्री नव्हती. सूज एकाच बाजूला आहे, डोळ्याच्या खाली आहे, म्हणजे वरच्या दाढेच्या वर. पाणी थंड आहे म्हणून कळ लागत असेल. हे सगळं मनात बरोबर जुळत होतं. आणि जुळत नसलं तर? माझी कडेवरची पोरगी, तिची आई कुत्र्याच्या तोंडाशी गेली आणि काही झालं, तर? मी चुलीपुढे बसले होते आणि ऊन सरकताना दिसत होतं. गुरं यायला फार वेळ उरला नव्हता.

शेवटी मी कण्या शिजत घातल्या. ज्वारीच्या, अगदी पातळ, वरून थोडं दूध. कोमट झाल्यावर एका खापरात ओतल्या. पोरीला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं, पदर खोचला, आणि मागच्या दाराने बाहेर गेले. हे ओट्यावर डोकं धरून बसलेले, त्यांना मी दिसले नाही. खापर जमिनीवर ठेवलं आणि काठीने साखळीच्या टप्प्यात सरकवलं.

कुत्र्याने वास घेतला. त्याने मान वाकडी केली, डावीकडे पार झुकवली, आणि जिभेच्या एका कडेने कण्या चाटल्या. थांबला. पुन्हा चाटल्या. त्याच्या घशातून घास खाली उतरताना मला दिसला. कळवळत, थांबत, पण तो गिळत होता. पिसाळलेल्या कुत्र्याचा घसाच धरतो म्हणतात. ह्याचा धरला नव्हता, हा फक्त उजवी बाजू वाचवत होता.

"सूनबाई!" गोठ्याच्या दारातून मामाजी ओरडले. "तिकडं काऊन गेली? मांगं सर!"

त्यांच्या उजव्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. ते त्यासाठीच उठले होते. हे धावत आले, आत्याबाई दारात आल्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो मी सावरला नाही. आजवर सासऱ्यांच्या तोंडाला तोंड देऊन मी एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मामाजी, तुम्ही बैल पाहिला. कुत्रा अजून पाहिलाच नाही."

त्यांचा दांडा खाली आला.

"खालचं तोंड साफ आहे, तुम्ही म्हणता ते खरं. दुखणं वर आहे. त्याला वरही दात असतात. तोंड उघडायची गरज नाही, वरचा ओठ तेवढा उचलायचा. मी उचलते, ह्यांनी नुसतं धरावं."

"तू हात लावू नोको," मामाजी म्हणाले. दांडा त्यांनी भिंतीला टेकवला. "माह्या हाताले आधीच लागलेलं हाय. जे व्हायचं थे माहंच होऊ दे. तू फक्त सांग."

ह्यांनी घोंगडी आणली आणि कुत्र्याच्या अंगावर टाकून त्याला मागून कवेत धरलं. मामाजी पुन्हा समोर बसले. त्यांचा अंगठा सवयीने खालच्या ओठाकडे गेला.

"वर," मी म्हणाले. "तिथे नाही, मागे. डोळ्याच्या खाली. दाबू नका, नुसता उचला."

कुत्रा गुरगुरत होता. ती गुरगुर माझ्या पायांतून वर चढत होती. मामाजींनी दोन बोटांनी ओठ उचलला.

वरची मोठी दाढ उभी चिरली होती. तिची बाहेरची कपची हिरडीला धरून लोंबत होती आणि कपचीच्या मागे हाडाचा एक टोकदार तुकडा रुतून बसला होता. आजूबाजूची हिरडी काळीनिळी, कडेने पू. वास असा आला की ह्यांनी तोंड फिरवलं. करीच्या दिवसापासून ते तिथे सडत होतं आणि आम्ही कुत्र्याच्या डोक्यात रोग शोधत होतो.

मामाजींच्या करदोट्याला काटा काढायचा पितळी चिमटा कायम अडकवलेला असे, तो त्यांनी एका हाताने सोडवला. "घट्ट धर बे," ते ह्यांना म्हणाले. चिमटा कपचीला लागताच कुत्रा असा किंकाळला की गल्लीतली दारं उघडली. मामाजींनी चिमटा सोडला नाही. कपची आली, तिच्यामागून हाडाचा तुकडा आला, आणि मग पू आणि रक्त एकदम बाहेर पडून त्यांच्या मनगटावरून ओघळलं. मी लोट्यातलं कोमट पाणी वरून धार धरून ओतत राहिले. कुत्रा थरथरत होता, पण हिसके द्यायचा थांबला. ह्यांनी घोंगडी काढल्यावर तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग खापरातल्या उरलेल्या कण्यांकडे गेला.

काठ्यावाले चौघं तोवर अंगणाच्या तोंडाशी आले होते. शेजारच्या काकांनी मामाजींच्या तळहातावरची ती कपची पाहिली, कुत्र्याकडे पाहिलं, आणि "गुरं आली वाटते," म्हणत सगळ्यांना घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मामाजींना माणसांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कुत्रा जिवंत ठेवलात हे बरं केलंत. मारला असता तर काहीच कळलं नसतं आणि पोटात इंजेक्शनं घेत बसावं लागलं असतं. आता त्याला बांधून ठेवा आणि नजर ठेवा, जरा वेगळं दिसलं तर लगेच या. आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आत्याबाई तर पहाटे उठल्या की देवाच्या आधी कुत्र्याचं तोंड पाहत. पण तो रोज थोडं जास्त खात गेला, सूज उतरली, डोळा पूर्ण उघडला. ढोरांचे डॉक्टर दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी उरलेली दाढ काढून टाकली आणि नळीची हाडं द्यायची नाहीत असं बजावलं. मामाजींचा लोटा पुन्हा आमच्या लोट्यांत आला. पोरगी पुन्हा त्यांच्या मांडीवर बसायला लागली. मांजरीच्या दातवणाची गोष्ट पाहुण्यांना सांगणं मात्र बंद झालं, आणि ह्यांना त्यावरून मी टोमणे मारायची एकही संधी सोडली नाही.

आईची रीत मी मामाजींना शिकवली. फडकं मऊ हवं, ओलं हवं. आधी नुसतं ओठाला हात लावू द्यायची सवय करायची, मग पुढचे सुळे, मग मागच्या दाढा. बाहेरची बाजू पुसली की पुरे. हिरडी लाल दिसली, तोंडाला घाण वास आला, खाताना मान एकीकडे झुकली, की समजायचं काहीतरी आहे. मामाजी हे सगळं बैलाच्या दातांइतकंच गंभीरपणे शिकले. सकाळी स्वतः बाभळीची काडी चावून झाली की ते ओट्यावर बसत आणि कुत्रा आपणहून त्यांच्या गुडघ्यांत येऊन उभा राही.

हिवाळ्यातली एक सकाळ. मी अंगणात पाणी तापवत होते. मामाजी कुत्र्याचे दात पुसत होते. माझ्याकडे न पाहता ते बोलायला लागले.

"याची माय होती. तुह्या लग्नाच्या आधीची गोष्ट हाय."

मी चुलीत लाकूड सारलं.

"तिच्याबी डोयाखाली असंच आलं होतं. लाळ. पाणी पेत नव्हती. म्या तोंड पाह्यलं होतं तिचं. साफ होतं."

मी वळून पाहिलं. त्यांचं बोट चालूच होतं.

"गोठ्यामांगं नेली. नेली म्हंजे, बांधली नव्हती. म्या हाक मारली अन् ती आली, मांगं मांगं. शेपूट हालवत आली." ते थांबले. "पिसाळलेलं कुत्रं हाकेले येते काय, पोरी?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं असं मला वाटतं. माझे डोळे भरून आले ते मी धुरावर ढकललं.

"येतही असेल, मामाजी," मी म्हणाले. "आपल्याला काय कळतं त्यातलं."

बोटावरचं फडकं त्यांनी सोडलं, उलटून पुन्हा गुंडाळलं आणि नुकताच पुसून झालेला दात परत पुसायला लागले.